निलगिरीच्या वासाचं झाड

"सर, वास घेऊनच बघा. शंभर टक्के निलगिरी!"

येरवड्यातल्या एका आयटी कंपनीचे फॅसिलिटी मॅनेजर देशमुख माझ्या नाकापुढे पान धरून उभे होते. कंपनीला पार्किंग वाढवायचं होतं आणि मधोमध एक जुनं, पांढुरक्या बुंध्याचं झाड. मी झाडांचा सर्व्हे करणारा. जात ओळखायची आणि रिपोर्टवर सही करायची, एवढंच काम. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची, ती तोडायला परवानगी चटकन मिळे. देशी झाड असलं की सतरा प्रश्न. त्या झाडाचा जीव माझ्या सहीवर अडकला होता.

चूक माझीच. आदल्या दिवशी या गृहस्थांनी फोनवर विचारलं, "सर, निलगिरी ओळखतात कशी?" पूर्वी कॉलेजात शिकवायचो, ती मास्तरकीची खोड जात नाही. सांगून टाकलं, "पान चुरगळा. वास आला की निलगिरी."

आता वास येत होता. पान न चुरगळताच! माझी बोटंही तेलकट झाली.

"देशमुख, वरच्या फांदीचं पान मिळेल?"

"वरचं कशाला सर? झाड सेमच आहे ना!"

"झाड सेम आहे हो. वास मात्र हात पोचतो तिथपर्यंतच येतोय."

कंपनीच्या माळीकाकांनी आकडीने वरची डहाळी पाडली. पान चुरगळून मी देशमुखांच्याच नाकाला लावलं. वासाचं नाव नाही. देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी दिसल्या. निलगिरीला त्या नसतात. खाली पडलेलं फळ उचललं, तर त्याला पाच पंख. निलगिरीचं फळ इवल्या वाटीसारखं असतं. हा आपला नदीकाठचा अर्जुन! गुळगुळीत, साल सुटणारा बुंधा पाहून भलेभले फसतात.

"सर, थोडं ॲडजस्ट करा ना. मी बॉसला कमिट केलंय."

"करतो की. 'अर्जुन, तेल लावलेला' असं लिहितो."

"नुसता अर्जुन लिहा सर," देशमुख हळूच म्हणाले.

अर्जुन वाचला. पार्किंगच्या रेषा पुढे त्याला वळसा घालून गेल्या. मला फार बरं वाटलं, आणि स्वतःच्या हुशारीचं जरा जास्तच कौतुक वाटलं. पण त्या दिवशी निघताना गेटपाशी माळीकाकांनी ते कौतुक उतरवलं.

"तेल म्याच लावलं सर. साहेब म्हणले, शिडी घे, पार शेंड्यापत्तोर लाव. म्या म्हणलं, बाटली संपली."

"संपली होती?"

त्यांनी खिशातून बाटली काढून दाखवली. "अर्धी हाय की अजून."

झाड ओळखायला पान, फळ, साल सगळं बघावं. पण आधी माळ्याला विचारावं. तेलही वाचतं आणि वेळही.