जिन्यातला कोनाडा

"तो फोन आत आणू नकोस. जिन्यातल्या कोनाड्यात ठेव. पोलीस बघतात त्यातून."

दांडिया बाजारातल्या वहिनींचं घर. चैत्रातलं हळदीकुंकू. वीस वर्षं मी इथे वरकाम करते. आधी आई करायची.

फोनमधून पोलीस वहिनींचं घर बघत नव्हते. मी कुठे आहे, तेवढं बघत होते. गोत्रीच्या एका बंगल्यात मी पोळ्या करायचे. तिथली सोन्याची चेन हरवली. म्हणून चोर मी. चेन अजून सापडलेली नाही. जामिनाची अट अशी, की माझा ठावठिकाणा फोनवरून ठाण्यात सतत दिसला पाहिजे. आठ तासांनी ते आपोआप बंद पडतं, पुन्हा चालू करावं लागतं. राहिलं तर जामीन जातो.

सकाळी आठला चालू केलं होतं. दुपारी चारला म्हटलं, "वहिनी, मिनिटभर जिन्यात जाऊन येते."

"आधी पन्हं फिरव. बायका खोळंबल्यात."

मी पन्हं फिरवलं. मग डाळ वाढली. चूक माझीच. 'आधी' म्हटलं की हात चालू लागतात, अशी सवय.

पाचला हवालदार दारात. शेवटचं ठिकाण त्याला इथलंच दिसलं होतं. सगळ्या बायकांसमोर मला गुजरातीत म्हणाला, "क्यां भागी गई'ती?" मग वहिनींना, अदबीनं, "बेन, आ आखो दिवस अहीं ज हती, एटलुं लखी आपो."

मी दिवसभर इथेच होते, एवढी एक ओळ लिहायची होती. तेवढ्यानं मी वाचले असते.

वहिनी म्हणाल्या, "अमारुं नाम नहीं. कामवाळी छे, आवे ने जाय."

वीस वर्षं.

फोन घ्यायला जिन्यात गेले. याच कोनाड्यात आईचा कप असायचा. कान तुटलेला. वहिनींच्या सासूबाई न शिवता वरून चहा ओतायच्या. तो कप गेला तेव्हा मला वाटलं होतं, ते दिवस गेले. कोनाडा तसाच होता. मीच माझ्या हातानं त्यात फोन ठेवला होता.

वकील म्हणतात, "निष्काळजीपणा झाला असं लिहून माफी मागा. वहिनी तुमचं सगळं नाकारतील. कोर्ट त्यांचंच ऐकेल."

ऐकेल. मला ठाऊक आहे. जामिनाआधी अकरा दिवस तुरुंगात काढलेत, परत जायची फार भीती वाटते.

सोमवारी तारीख आहे, जामीन राहतो की जातो त्याची. पिशवी भरून ठेवली आहे, दोन साड्या आणि बीपीच्या गोळ्या. माफी लिहिणार नाही. फोन कुठे होता, कोणी ठेवायला लावला, ते नाव घेऊन सांगणार.

कपाचंही सांगणार. कोणी विचारणार नाही, तरी.