सदस्य कोणाला दिसावेत

कॉलेजात असल्यापासून मला फिट येते. गोळ्या वेळेवर घेतल्या तर वर्ष वर्ष काही होत नाही, आणि चुकल्या तर भर भाजीबाजारात आडवी होते. या दुखण्यात औषधापेक्षा लोकांची कुजबुज जड जाते, म्हणून काही वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर एक चर्चागट काढला. फिट येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. गट उघडताना एक प्रश्न समोर आला: सदस्य कोणाला दिसावेत? सगळ्या सदस्यांना, की फक्त गट चालवणाऱ्याला? मी बेधडक 'सगळ्या सदस्यांना' यावर बोट ठेवलं. एकाच माळेचे मणी आपण, आपल्यांत कसला पडदा!

गटात पंचवटीतल्या एक काकू होत्या. त्यांच्या नातवाला फिट येते. घर तीर्थोपाध्यायांचं. आलेल्या यात्रेकरूला त्याच्या खापरपणजोबांचं नाव जुन्या बाडात शोधून दाखवायचं, हे त्या घरचं पिढीजात काम. नाव सापडलं की माणसाचे डोळे भरून येतात, हे काकू लग्न झाल्यापासून बघत आलेल्या. त्यामुळे गटाची यादी उघडून, फोटो न्याहाळून, 'आपल्या नाशिकचं कोण कोण' हे त्यांनी हौसेनं पाठ करून ठेवलं होतं.

संक्रांतीनंतर त्यांनी हळदीकुंकू केलं. मीही गेले. त्यांच्याकडे पूजेची फुलं देणाऱ्या मखमलाबादच्या मावशी नव्या सुनेला घेऊन आल्या होत्या. काकूंनी सुनेला कुंकू लावलं, तिची हनुवटी धरून चेहरा पाहिला आणि हरखून म्हणाल्या, "अगं, तू तर आमच्या ग्रुपमधली! फोटो पाहिलाय मी तुझा."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मीही तिला ओळखलं. लग्न ठरवताना माहेरच्यांनी दुखणं लपवलं होतं, आणि सासरी कळलं तर परत पाठवतील, ही भीती तिनं गटात कितीदा तरी लिहिली होती.

"कसला गुरूप?" मावशींनी विचारलं.

"बागेचा," मी म्हणाले. "गच्चीवरच्या कुंड्यांचा."

काकूंनी काही बोलायला तोंड उघडलं, त्यात मी तिळाचा लाडू घातला. गोड बोला म्हणतात, पण कधीकधी न बोललेलंच गोड.

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मंग मलाबी घ्या त्यात," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी आधी यादी झाकली: फक्त चालकाला दिसेल. गटात वादळ उठलं. लपायचंच तर जमायचं कशाला, असं एकानं सुनावलं. काकू आधी रुसल्या, मग फोनवर रडल्या, "त्या लेकराचं घर मोडायला निघाले होते गं मी!" आणि मला खरोखरच एक बागेचा गट काढावा लागला. मावशी त्यात आल्या आणि जास्त पाणी घालण्यावरून आम्हा सगळ्यांची खरडपट्टी काढू लागल्या.

एक दिवस त्यांनी मला एकटीला लिहिलं: "ताई, माझ्या सुनेला झेंडू अन् शेवंतीतला फरक समजत नाय, अन् ती म्हणं बागेच्या गुरूपात! मला लग्न झाल्यावर म्हैन्याभरातच कळलं व्हतं. गोळ्या नागलीच्या पिठाच्या डब्यात ठेवती. मी त्या डब्याला हात लावायचा सोडला. मला तुमच्या खऱ्या गुरूपात घ्या. पण मी तिथं हाय हे तिला दिसाया नको. घाबरंल पोर."

मी त्यांना 'आई' या नावानं घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न मी भाषा जराशी सरळ करून टाकला: घरातल्या मुलीला फिट आली तर काय करावं?

अनेकांनी उत्तरं दिली. सगळ्यात सविस्तर उत्तर सुनेचं होतं. "कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. शुद्धीवर आली की लगेच काही विचारू नका, नुसतं जवळ बसा. आम्हाला तेवढंच हवं असतं."

मी ती दोन नावं बघत राहिले. दोघी एकाच घरात, कदाचित एकाच स्वयंपाकघरात. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण यादी मी झाकली होती, ती माझ्यासाठी उघडी राहिली म्हणून ती माझी झाली नव्हती.

उन्हाळ्यात सुनेनं गटात लिहिलं: "आज मळ्यात फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा कुशीवर होते. सासूबाई जवळ बसल्या होत्या. काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ऊन लागलं असंल. नशीब माझं, त्यांना काही कळलं नाही."

वाचताना मला रडू आवरेना. खाली पहिलं उत्तर येऊनही पडलं होतं. 'आई'चं.

"जप गं बाई."