वाणाचा कोंबडा

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या गावातल्या कोंबड्यांना मानमोडी लागते. सकाळी दाणे टिपणारी संध्याकाळी मान टाकते. गेल्या वर्षी रोग यायच्या आधीच बायकोने ठरवून टाकलं, वाण टिकावा म्हणून एक कोंबडा आणि एक कोंबडी ठेवायची, बाकी सगळ्या कापून गोठवायच्या. त्यासाठी गोंदियाच्या एका आइस्क्रीमवाल्याचा जुना फ्रीजर आणला. झाकणावरचं कुल्फीचं चित्र अजून तसंच आहे.

कापायचं, गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची, भाताच्या तणसाच्या जाळावर भाजायचं, साफ करून धुवायचं, हे सगळं तिच्याकडे. माझ्याकडे पाय धरायचं काम, तेही दुसरीकडे बघत.

"तिकडं काय पाहून राहिले? पाय सुटला ना!"

मांस गार होऊन पिशव्यांत गेलं, पिशव्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि मी दमून खाटेवर पडलो. तेवढ्यात नुकतंच लग्न झालेल्या लेकीचा फोन आला.

"बाबा, मामाजी उद्या आपल्या घरी येऊन राहिले. त्याईले फ्रीजातलं नका देजा. मले जनमभर आयकावं लागल."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे व्याही. लग्नानंतर पहिल्यांदाच येणार होते. आणि आमच्याकडे पाहुण्याचा मान रश्शात नसतो, धावण्यात असतो. पाहुणा खाटेवर बसतो आणि घरधनी त्याच्या डोळ्यांदेखत कोंबड्यामागे धावतो. आधीच कापलेलं त्याच्यासाठी कापलेलं कसं म्हणायचं? सोयरीक ठरवायला आम्ही अर्जुनी मोरगावकडे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा हे गृहस्थ पांढऱ्या पायजम्यानिशी परसात धावले होते. मला अगदी भरून आलं होतं. लग्नात मी भेटेल त्याला तेच सांगत सुटलो होतो.

बायकोने रात्रीच दोन पिशव्या बाहेर काढून ठेवल्या. "तुमी नुसते धावा. पकडू नका. घरामागं हाकलत न्या अन् सोडून द्या त्याले."

पकडू नका, हे मला सांगायची खरं तर गरज नव्हती.

व्याही आले, पाय धुऊन खाटेवर बसले. "बसा, आलोच," म्हणत मी वाणाच्या कोंबड्यामागे लागलो. तो बैलबंडीखालून गेला, मी बंडीला डोकं आपटलं. तो कुंपणावर चढला, माझी एक चप्पल शेणखड्ड्यात गेली. व्याह्यांनी थोडा वेळ पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि ते उठले.

"तुमी तिकडून हाका."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा टाकला आणि कोंबडा अलगद उचलून माझ्या हातात दिला. दारात उभ्या बायकोचा चेहरा मला बघवेना. कापला तर वाण बुडतो, न कापला तर लेकीचं नाक कापलं जातं.

"सुरी आणतो," मी म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो.

त्यांनी रिकाम्या आंगणावरून नजर फिरवली. "बाकीच्या कोठी गेल्या? हा वाणाचा होय ना?"

"नाही जी, तुमच्यासाठीच..."

"सोडा जी त्याले." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमी आले होते ना आमच्याकडं, तवा मीबी असाच धावलो. तुमच्या ताटात होतं ते फ्रीजातलंच होतं. इहीणबाईले नका सांगजा."

इहीणबाई म्हणजे माझी बायको. ती दाराआड पदर तोंडात धरून हसत होती.

जेवताना व्याह्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला. ते गेल्यावर लेकीचा फोन.

"बाबा, कोंबडा धरला ना?"

"धरला. तुझ्या मामाजींनीच धरला."

"त्याईनं?" ती घाबरलीच. "मंग काय म्हणाले?"

"एकदम ताजा आहे म्हणाले."

बाहेर वाणाचा कोंबडा बंडीच्या जुवावर चढून अवेळी आरवत होता. तिला तो फोनमधून ऐकू गेला असणार, पण तिने पुढे काही विचारलं नाही.