दारावरून गेलेली केबल

भोरच्या रुकसानाला कुणी 'फटकळ बाई' म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी तिची शेजारीण. ती फटकळ कशाने झाली, ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

साल २००४. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे रुकसानाला घर सोडता येत नव्हतं. पुण्याची एक कंपनी तिला घरबसल्या काम द्यायची. परदेशी डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. घर त्यावरच चाललेलं. पण इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून! फाइल निम्मी उतरली की लाइन तुटायची, मग पुन्हा पहिल्यापासून. बिल मात्र न तुटता चढायचं.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने तिच्या दारासमोर चर खणून महाडकडे इंटरनेटची जाडजूड केबल नेली. रुकसाना धावतच त्या कामावरच्या साहेबाकडे गेली.

"साहेब, आमाला कनेक्शन कवा मिळंल?"

"इथे नाही हो मिळणार. केबल पुढे जायची आहे. इथून नुसती जाते."

घरोघरी टीव्हीची केबल देणारा सोमनाथ म्हणाला, "मला भाड्यानं द्या, म्या पोचवतो घराघरात." तेही नाही. स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्याला देऊ द्यायचं नाही! आणि याचा जाब विचारणारं वर कुणी नाही.

तिची नणंद समीना लग्न होऊन जपानला गेलेली. रुकसानानेच तिला टायपिंग शिकवून याच कामाला लावलं होतं. ती फोनवर सांगायची, "भाबी, हितं तार एकाची असली तरी सरकारनं दम दिलाय, भाडं घ्या अन् दुसऱ्यालाबी वापरू द्या. मग कंपन्या गिऱ्हाइकासाठी भांडत्यात. लई स्वस्त पडतंय, अन् फाइल झटक्यात उतरती."

शेवटी पुण्याच्या कंपनीने रुकसानाचं काम काढून घेतलं. फाइली उशिरा येतात म्हणे. काम दिलं कुणाला, तर समीनाला! ती फोनवर रडायला लागली.

"रडू नगंस. तू कर," रुकसाना म्हणाली. फोन ठेवून ती समीनाच्या आईचं अंथरूण बदलायला गेली. मला त्या केबलवर कुदळ घालावीशी वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात केबल बिघडली. चर उकरायला माणसं आली, बरोबर तोच साहेब. रुकसानाने खणणाऱ्यांना पोटभर पाणी पाजलं. साहेबानेही ओंजळ पुढे केली.

तिने कळशी कमरेवर घेतली.

"तुमाला न्हाई, साहेब. ह्ये पाणी पुढं जायचं हाय. हितनं नुसतं जातंय."