पाचव्या गड्याचा डावा हात

माधवनगरच्या गिरणीमागचं टेनिसचं कोर्ट तो स्वतः शेणानं सारवायचा. बहात्तरच्या दुष्काळात शेण मिळेना, तर पलूसहून सायकलवर पाटी बांधून आणलं त्यानं. आणि त्याच कोर्टावर रोज आम्हा कारकुनांकडून हरायचा. देशाच्या संघातून परदेशी जाऊन आलेला माणूस! मला चीड यायची.

डावखुरा होता. सर्व्हिस झकास, बाकी सगळा खेळ अडखळत. पण चहाचा कप उजव्या हातात, सहीसुद्धा उजव्यानंच. एकदा मी विचारलंच.

"संघात मी पाचवा," तो म्हणाला. "समोरचा मोठा गडी डावखुरा हुता. आपल्या एक नंबरला सराव द्याया तसा कुनीच न्हवता. म्हनलं, मी हुतो डावा. म्हैनाभर डाव्यानं सर्व्हिस टाकली त्याला."

"आणि तुमची मॅच?"

"माजी कुठली? पन आपला गडी जिंकला की! लय भारी खेळला."

चषक स्वतःच उचलल्यासारखा चेहरा खुलला त्याचा.

"मग इथं तरी उजव्यानं खेळा. हरवा आम्हाला एकदा."

पंचेचाळिशीच्या त्या माणसानं रॅकेट डाव्या हातात घेतली.

"आवं, तुमाला हरवून काय करू? उद्या परत बोलावनं आलं, तर डावा तयार पायजे का न्हाई?"