पाकिटावरची गुलाबी खूण

जंतू मारायला हत्यारं वाफवायच्या यंत्राचं दार उघडलं की गरम कागदाचा वास येतो आणि मला मलकापुरातल्या माझ्या दातांच्या दवाखान्याचा पहिला महिना आठवतो. सुजलेला गाल धरून एक आजोबा दाढ काढायला आले होते, मिलिटरीच्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेले. मी हत्यारांचं कागदी पाकीट फोडणार, तोच त्यांनी माझा हात अडवला. "आवं बाई, ह्याच्यावरची खूण काळी झाली न्हाई. वाफ नीट लागली न्हाई ह्येला." खूण खरंच गुलाबीच होती. सकाळी मध्येच वीज गेली होती आणि मी न बघताच सगळी पाकिटं बाहेर काढली होती. बाहेर चार पेशंट बसलेले; माझे कान तापले. "आजोबा, चूक माझी. सगळं परत लावते, पण तासभर लागेल," मी म्हणाले. "लागू द्या की," म्हणत ते ठणकती दाढ घेऊन तासभर बसले. दाढ निघाल्यावर तोंडात कापूस धरूनच ते बाहेर गेले आणि ताटकळलेल्यांना म्हणाले, "बिनघोर जावा आत. चुकली तर कबूल करतीया ही पोरगी." सगळे हसले, मीही हसले. दवाखान्याची याहून चांगली जाहिरात मला अजून सुचलेली नाही.