नानांचं निंबाचं पातं

"गिरणेला पाणी आलं" असं कुणी सांगितलं, तरी भडगावचे प्रेमराज नाना आधी पुलावर जाऊन बघून येत आणि मगच मान डोलावत. भुसावळच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन गावी आले, पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय कुठे?

गावी येताच तिथल्या बुद्धविहाराचं वाचनालय त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पुतणी सपना जळगावला ग्रंथालयशास्त्र शिकते. ती एकदा म्हणाली, "नाना, पुस्तक घरी नेलं म्हणजे वाचलंच, असा पुरावा होत नाही." झालं! पुरावा हा शब्द नानांच्या डोक्यात घुसला तो घुसलाच. वाचकांशी बोलून बघा, असंही ती म्हणाली होती, पण ते नानांनी उडवून लावलं. "माणूस खोटं बोलस, वस्तू नही बोलस!"

मग त्यांनी युक्ती काढली. प्रत्येक पुस्तकाच्या मधोमध कडुनिंबाचं एक वाळकं पातं ठेवायचं. पुस्तक परत आलं की हळूच उघडून बघायचं. पातं गळालं असेल, सरकलं असेल, तर पुस्तक वाचलं. जागचं हललं नसेल, तर नुसतं गावात फिरून आलं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, का तर म्हणे पुरावा बिघडतो.

स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पात्यांविना येऊ लागली तसे नाना खूश झाले. पण दिव्याखालीच अंधार होता. त्यांची बायको कलाबाई दर आठवड्याला एखादी कादंबरी नाहीतर आत्मकथन न्यायची, वेळेवर परत आणायची, आणि पातं जिथल्या तिथे! नाना दिवसभर वाचनालयात, तेव्हा घरी ती काय करते हे पाहायला ते होते कुठे? "आमची कलाबाई पुस्तकांना हवापालट करून आणते," असं ते चारचौघांत सांगायचे. ती हसायची आणि पुढचं पुस्तक न्यायची.

नव्या पुस्तकांना जागा हवी होती. नानांनी ठरवून टाकलं की बाहेर जाऊनही ज्यांचं पातं हललं नाही, ती पुस्तकं रद्दीत. रविवारी तोताराम रद्दीवाला हातगाडी घेऊन आला. गठ्ठे बांधून तयार होते. तेवढ्यात कलाबाई नानांचा डबा घेऊन आली. वरच्याच पुस्तकाकडे लक्ष गेलं आणि तिचा चेहरा उतरला. डबा खाली ठेवून ती सरळ गठ्ठ्यावर जाऊन बसली.

"ह्या पुस्तकं कोठे चालनात?"

"रद्दीमां. कोन्ही वाचत नही."

"कोन्ही नही? मी वाचस ना!"

"तू?" नानांनी तिच्या बाजूचं एक पुस्तक ओढून उघडलं. "हाई देख. पातं जागावर शे."

"कसर लागाले नको म्हनीसन ठेवेल शे ना ते? गहूमां ठेवतस तसं? वाचीसन मीच परत ठी देस. चुरा व्हयना तं नवं ठेवस."

तोताराम हसू दाबत तराजू गुंडाळू लागला. नानांनी हातातलं पातं उजेडात धरलं. ते चक्क हिरवं होतं. आयुष्यभर माल तपासलेल्या माणसानं वाळकं पातं ठेवलं, हिरवं परत घेतलं, आणि त्याला शंकासुद्धा आली नव्हती!

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग माले सांगं कसं नही?"

"तुम्हीन कधी इचारं?"

नानांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. कलाबाई उठल्यावर गठ्ठ्यांची सुतळी त्यांनी स्वतः सोडली आणि पुस्तकं एकेक करून कपाटात लावली. हातात ते हिरव्या पात्याचं पुस्तक तेवढं उरलं. मग जरा लाजतच त्यांनी विचारलं, "एनामां शेवट काय व्हस?"

कलाबाईनं डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली. "मधमां पातं मी ठेवसू."